घर नको म्हणणारा ढाण्या

किसन राठोडने फोडलेल्या कीबोर्डांचा ढीग सलीमच्या माळ्यावर अजून पडून आहे. भंगारवाला अधूनमधून विचारून जातो, पण सलीम देत नाही. "रहने दे, किसनदादाचे हैत," एवढंच म्हणतो. त्यातल्या एकाचीही मधली बटणं जागेवर नाहीत. किसनला बटण दाबता यायचं नाही. त्याला ते ठोकताच यायचं.

आखाडा बाळापूरला हमरस्त्याच्या कडेला टायरच्या दुकानावर सलीमचं गेमिंग सेंटर आहे. खाली दिवसभर हातोडे वाजायचे आणि वर आम्ही तलवारी चालवायचो. मी खत-बियाण्याचं दुकान चालवतो. चाळिशी उलटलेल्या, दोन लेकरांच्या बापाने संध्याकाळी राक्षस मारायला जावं हे माझ्या बायकोला आजही पटलेलं नाही. तिला काय सांगणार? दिवसभर "औषध मारलं तरी अळी काहून मरंना" हे ऐकून झाल्यावर माणसाला तासभर काहीतरी खरोखर मरताना बघावंसं वाटतं.

तर हा खेळ. किल्ले, जंगलं, जादू, राक्षस असलं एक भलंमोठं जग, आणि त्यात कुठकुठली माणसं एकाच वेळी हिंडत असतात. एकट्याने गेलं की मरण ठरलेलं, म्हणून टोळी लागते. आमची टोळी पाच जणांची होती. किसन सर्वांत पुढे, ढाल घेऊन. सलीम धनुष्यवाला. वर्षा सिस्टर इथल्याच ग्रामीण रुग्णालयात नर्स. त्या आपल्या क्वार्टरमधून लॅपटॉपवर खेळत आणि आगीचे मंत्र टाकत. चौथा बालाजी, कुरुंद्याच्या बाजूचा, हळद पिकवणारा. त्याला आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. हेडफोनमधून येणारा त्याचा कोवळा, चिडका आवाज आणि पडद्यावरची त्याची दुधारी कुऱ्हाड एवढीच त्याची ओळख. आणि मी सर्वांत मागे, जखमा भरून काढणारा. किसन मला वैद म्हणायचा. पुढेपुढे बाजारातसुद्धा म्हणायला लागला, आणि गिऱ्हाइकं गुडघेदुखी सांगायला लागली.

खेळात किसनचं नाव होतं ढाण्या. ढालवाल्याचं काम एकच. राक्षसाला शिव्या घालून त्याचं लक्ष आपल्याकडे ओढायचं आणि बाकीचे त्याला मारेपर्यंत उभं राहून मार खायचा. हे काम कुणालाच नको असतं. किसनने ते पहिल्या दिवशी मागून घेतलं. "पहिला मार आपण खायचा," तो म्हणायचा. "समोरच्याचं माप कळतंय."

हे तो नुसतं खेळापुरतं म्हणत नव्हता. एकदा बसस्टँडकडचा एक दादा पिऊन वर आला. फुकट खेळायला दे म्हणाला आणि सलीमने नाही म्हणताच त्याच्या कानफटात ठेवून दिली. किसन उठला. आधी हेडफोन नीट खुंटीला अडकवले, मग सलीमच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. दादाने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. किसनने ओठाचं रक्त पुसलं. "अजून हाये का?" असं अगदी चौकशी केल्यासारखं विचारलं. त्याने अजून एक मारला. मग किसनने एकच दिली. तो माणूस जिन्यावरून गडगडत खालच्या टायरांत जाऊन पडला, आणि दुकानातल्या पोरांना त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. किसन खुर्चीत येऊन बसला, हेडफोन चढवले आणि मला म्हणाला, "मेलो का रं मी तवर?" मेला होता. त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

तो कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. आजा तांड्याचा नाईक. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंची आणि हात असे, की माऊस त्यात दिसायचाच नाही. कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खोल व्रण होता. तो जेसीबी चालवायचा. त्या वर्षी रस्ता रुंद होत होता आणि गावोगावच्या रस्त्यालगतच्या भिंती, ओटे, घरांचे पुढचे भाग पाडायचं काम ठेकेदाराच्या मशीनांना होतं. त्यातलं एक मशीन किसनचं. सकाळी तो घरं पाडायचा आणि संध्याकाळी आमच्यासाठी मार खायचा. दिवसाही खायचाच म्हणा. बाया शिव्या देत, म्हातारे माती फेकत, कुणी मशीनपुढे आडवं होई. एका गावात त्याच्या केबिनची काच कुऱ्हाडीने फोडली होती.

त्याची एक रीत होती. घरापुढे मशीन आणलं की बंद करायचं आणि घरधन्याला सांगायचं, "आधी चौकट काढून घ्या." चौकट बसवताना पूजा झालेली असते, तिला हळदकुंकू लागलेलं असतं; तिच्यावर मशीनची बकेट घालायची नाही, असा त्याचा नेम. सोबतचे अधिकारी घड्याळ बघत, ठेकेदार फोनवर ओरडे, आणि हा टायरला टेकून तंबाखू मळत बसे. माणसं रडत, शिव्या देत चौकट उपटून काढत, बाजूला नेऊन ठेवत. मग हा वर चढे आणि भिंत पाडे. चौकटीमुळे शिव्या काही कमी होत नाहीत, हेही तोच सांगायचा.

व्रणाची गोष्ट तो हसत सांगे. कुठल्याशा गावात कुणीतरी गच्चीवरून विटेचा तुकडा फेकला, तो फुटक्या काचेतून आत आला आणि कपाळात बसला. "नेम लई बराबर व्हता," तो म्हणायचा. "असा माणूस आपल्या टोळीत पाहिजे." पुढे काय झालं हे विचारलं की म्हणायचा, "पुढं काय, पाडलं." आणि विषय बदलायचा.

अशात खेळाचा तो नवा भाग आला, घरं बांधायचा. जमीन घ्या, लाकूड तोडा, दगड फोडा, भिंती उभ्या करा, रंग द्या, आत पलंग-कपाटं लावा. सलीम म्हणाला, निम्मी दुनिया खूश आहे आणि निम्मी कंपनीला शिव्या देऊन राहिली आहे. लढणाऱ्यांचं म्हणणं, आम्हाला राक्षस पाहिजे होते, तुम्ही पडदे दिले. बांधणाऱ्यांचं म्हणणं, रोज रोज काय मुंडकी उडवायची? त्यात कंपनीने आणखी एक मेख मारून ठेवलेली. दुसरी टोळी आधी ललकारी देऊन, ठरलेल्या वेळी येऊन तुमचं घर जाळू शकत होती. जाळलं की गेलं. लाकडापासून परत सुरुवात.

आमच्यात यावरून जी जुंपली तशी कधी जुंपली नव्हती. आठवडाभर नुसती भांडणं. लढाईला गेलो की वर्षाताई झाडं तोडायला मागे थांबत, ढाण्या एकटा पुढे जाऊन मरे, आणि मग किसन हेडफोनमध्ये अशा शिव्या देई की खालचे टायरवाले वर बघत. शेवटी त्यानेच सांगितलं, नसाब बसवू. त्यांच्या तांड्यावर भांडण मिटवायला पंच बसतात, त्याला नसाब म्हणतात. खुर्च्या गोल मांडल्या. वर्षाताई आणि बालाजी स्पीकरवर. एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

वर्षाताई म्हणाल्या, "मी दिवसभर फुटलेली डोकी शिवते. संध्याकाळी येऊन परत डोकीच फोडायची. मला एक खोली पाहिजे, जिथं कुणी ओरडत येणार नाही."

"तिथंच येतेत ओरडत," किसन म्हणाला. स्वतःचा नियम त्यानेच पहिल्यांदा मोडला. "घर म्हंजी पत्ता झाला. आज तुमाला मारायला कुणाला हुडकावं लागतंय. घर बांधा, दारात येतेल."

"मग दारात लढू," सलीम म्हणाला.

"सलीम, इथं मी मेलो तर उठतो. वैद उठवतो मला. घर उठतं का? एवढी एकच जागा हाये बाबा, जिथं माजं काई जात न्हाई. इथं बी तेच आणता?"

एवढं बोलून त्याने हातातला चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. काचा सगळीकडे उडाल्या. मग स्पीकरमधून बालाजीचा आवाज आला.

"मला पाहिजे घर. तुमी बांधा न्हाईतर नका बांधू. आमचं रस्त्यात गेलं. आमी शेतात पत्र्याखाली राहून राहिलो."

हे आम्हाला माहीत होतं. रस्त्यात कितीतरी घरं गेली होती, मशीनंही पुष्कळ होती. बालाजी अधूनमधून म्हणायचा, "त्यो डायवर हाती लागू द्या, जित्ता सोडत न्हाई," आणि किसन हसून म्हणायचा, "सोडू नको." तो स्वतः काय काम करतो हे बालाजीला ठाऊक नव्हतं. खेळात कुणी कुणाला धंदा विचारत नाही. आम्हीही बोललो नाही. कशाला उगीच?

लोक म्हणतात, दिवसा जे मिळत नाही ते माणूस खेळात शोधतो. मला ते पटत नाही. तसं असतं तर घरं पाडणाऱ्याने पहिलं घर बांधलं असतं. मला वाटतं, काहींना अशी एक जागा लागते जिथं गमावण्यासारखं काही नसतं. आणि काहींना गमावण्यासारखं काही नसेल तर लढायला हातच उचलवत नाही. दोघंही खरे. म्हणूनच ते एकमेकांच्या जिवावर उठतात.

नसाबीत किसन हरला. नाईकाचा नातू तो, निकाल मानला. हरणाऱ्याने सगळ्यांना खाऊ घालायचं म्हणून खालून भजी आणली, आणि स्वतः एकही न खाता काचा वेचत बसला.

बालाजीने पुढचे काही आठवडे लढाई सोडलीच. आमच्याबरोबर येई, लाकूड-दगड घेई आणि जाई. मग एके संध्याकाळी त्याने सगळ्यांना घरभरणीला बोलावलं. सलीमने खालून पेढे आणले. किसन कुरकुरतच बसला. फाटकातून ढाण्याला आत नेलं, पायऱ्या चढला. दाराची चौकट बालाजीने फार जीव लावून केली होती, वेलबुट्टीची. "लग्न लावायचं का हिच्याशी?" असं काहीतरी किसन म्हणाला आणि आत शिरला.

आतली समोरची भिंत पोपटी हिरवी होती. तिच्यात तीन कोनाडे, मधला मोठा. कोपऱ्यात निळीने सारवलेला पट्टा. आढ्याला एक लोखंडी कडी, पाळण्याची.

किसनचे हात कीबोर्डावरून उचलले गेले. मी शेजारीच होतो. मला वाटलं, मशीन अडकलं.

"बालाजी," तो म्हणाला, "ही भिंत हिरवी काहून केलीस?"

"आमच्या आईनं दिलता रंग. अशीच व्हती. समदं घर तसंच्या तसं केलं मी." बालाजीने कुऱ्हाडीचं टोक दाराकडे वळवलं. "फक्त ही चौकट नवी. आमची सागवानी व्हती. मी शेजारच्या गच्चीवरनं वीट हाणली, तर त्या हरामखोरानं चौकट काढू सुदिक दिली न्हाई. चौकटीतच घातली बकेट. आई हात जोडून उभी व्हती."

किसनने हेडफोन काढून ठेवले आणि जिन्यात जाऊन बसला. मी मागे गेलो. तो बराच वेळ भुवईवरचा व्रण चोळत होता. समोरची भिंत पडली की आतलं घर पहिल्यांदा उजेडात येतं, तो म्हणाला. लोकांनी कुठला रंग लावलाय, खिळ्याला काय टांगलंय, सगळं दिसतं. ही हिरवी भिंत त्याच्या लक्षात राहिली होती. कारण तिथेच त्याचा नेम मोडला होता. वीट कपाळात बसली, रक्त डोळ्यात आलं, आणि मशीन बंद करायच्या ऐवजी त्याने दात खाऊन बकेट उचलली आणि सरळ चौकटीत घातली. बाई पुढे आली होती ती त्याला दिसली होती. "न दिसता झालं आसतं तर बरं व्हतं," तो म्हणाला. "मी बघून केलं, वैद."

मी त्याला सांगितलं, गप्प बस. बालाजीला कळायचं कारण नाही. मशीनं दहा असतात. "तुजी तिकडं फेरी कवा हाये?" त्याने विचारलं.

पुढच्याच आठवड्यात माझी त्या बाजूला उधारी वसुलीची एक फेरी होती. किसन मोटारसायकलवर मागे बसला. हळद काढणीचे दिवस होते. बालाजीच्या शेतात कढई पेटलेली, सगळीकडे ओल्या हळदीचा वाफाळ वास. पत्र्याच्या शेडसमोर एक काटकुळा पोरगा कुदळीला नवा दांडा ठोकत बसला होता. कोपरापर्यंत हात पिवळे.

"बालाजी, मी ढाण्या," किसन म्हणाला.

आवाज ओळखून पोराने उडीच मारली. गळ्यात पडला. किसनच्या छातीपर्यंतच पोचत होता तो. "आई, च्या टाक. ढाण्याभाई आलाय आमचा." मला वैद म्हणून नमस्कार केला. किसनने त्याला हलकेच बाजूला केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि व्रण पुढे केला.

"हे वळख. वीट तुजी, डोकं माजं."

बालाजी हसतच होता. त्याला काही कळलं नव्हतं.

"मशीनवर मी व्हतो. चौकट मी दर बारीला काढू देतो. तुजी मुद्दाम मोडली, रागानं. ते सांगाया आलो."

हसू जायला वेळ लागला. मग बालाजीने कुदळीचा दांडा उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीत, तिसरा परत पाठीत. किसन पाय रोवून उभा होता. मी मध्ये गेलो तर त्यानेच मला एका हाताने मागे कढईकडे लोटलं. चौथा डोक्यावर येत होता, तो त्याने डाव्या हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मला कढईपाशी ऐकू आला. तरी तो पडला नाही. बालाजी रडत होता आणि मारत होता. कुठे लागतंय ते बघतही नव्हता. एक फटका कानशिलावर बसला तेव्हा किसन गुडघ्यावर आला.

मग बालाजीची आई शेडमधून बाहेर आली. तिने लेकाचा हात धरला. "दांडा दे इकडं," म्हणाली. मला वाटलं, सुटलो. तिने तो दांडा दोन्ही हातांत धरला आणि किसनच्या पाठीत एक घातला. एकच, पण जीव खाऊन. "चौकटीची पूजा मी केल्ती," ती म्हणाली. दांडा टाकून दिला आणि मला म्हणाली, "न्ह्या याला. मरंल इथं." आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

"पुन्ना दिसू नको," बालाजी म्हणाला. "इथं बी न्हाई, तिथं बी न्हाई."

रुग्णालयात वर्षाताईंनी प्लास्टर घालून दिलं आणि घालताना आम्हा दोघांची खरडपट्टी काढली. किसन म्हणाला, "मशीनवरनं पडलो म्हून सांगा."

"मशीनवरून पडलेल्या माणसाच्या पाठीवर दांड्याचे वळ येत नाहीत, किसनदादा."

"येतेत. मशीनीवर असतंय ते." त्यांनी जास्त विचारलं नाही. पण त्या रात्रपाळीला गेल्या तेव्हा डोळे लाल होते, असं त्यांच्या सोबतच्या सिस्टरने मला नंतर सांगितलं.

बालाजीने टोळी सोडली नाही. त्याने आपल्या घराच्या परवानगीतून ढाण्याचं नाव काढलं आणि त्याचा आवाज बंद करून टाकला, म्हणजे किसनचं बोलणं त्याच्या कानी पडू नये आणि त्याचं किसनच्या. आमच्याशी मात्र बोलायचा. इकडे मोडक्या हाताच्या माणसाला मशीन कोण देणार? ठेकेदाराने दुसरा ऑपरेटर ठेवला. किसनचा एक चुलतभाऊ दूर कुठे खाणीवर होता, त्याने तिकडे बोलावलं. जायचा दिवस सोमवार ठरला. आणि त्याच्या आदल्या दुपारसाठी एका टोळीने बालाजीच्या घरावर ललकारी दिली. घरं जाळण्याची हौस असलेली ती टोळी होती. आमच्यापेक्षा संख्येने दुप्पट तरी असतील.

रविवारी किसन प्लास्टर गळ्यात अडकवून आला. मी म्हटलं, एका हाताने काय खेळणार? डाव्या हाताने चालायचं आणि उजव्याने मारायचं, असा तो खेळ आहे. "चालायचं कुटं हाये?" तो म्हणाला. "सलीम, ढाण्याला त्याच्या फाटकात नेऊन उभा कर. त्वांड रस्त्याकडं. पुढं माजं मी बघतो."

सलीमने बटणं दाबत ढाण्याला जंगलातून, नदीवरून चालवत नेलं आणि फाटकात उभं केलं. मी त्याच्या मागे उभा राहिलो. छपरावर वर्षाताई. आत बालाजी. किसनने उजव्या हाताने माऊस धरला आणि ढाल वर केली.

ते आले ते ओरडतच आले. हल्ल्याचा पहिला लोंढा ढाण्याने अंगावर घेतला. कुऱ्हाडी, भाले, आगीचे गोळे. पडदा नुसता लाल. मी जखमा भरत होतो. आणि मग मागून फाटक उघडलं. बालाजी बाहेर आला. घरमालकाला परवानगी नसलेल्या कुणालाही आपल्या आवारात मारता येतं, हा त्या खेळाचा नियम. त्याने दुधारी कुऱ्हाड उचलली आणि ढाण्याच्या पाठीत घातली.

"बालाजी, काय करून राहिलास?" सलीम ओरडला. वर्षाताई तर किंचाळल्या.

"कुणी काई बोलू नका," किसन म्हणाला. "वैद, तुजं काम कर."

समोरून ती टोळी मारत होती, मागून बालाजी. किसनने ढाल वळवली नाही. माऊसचा एक झटका पुरला असता. ढाण्याचा जीव तळाला जायचा, मी वर आणायचो, परत तळाला जायचा. मला रडू येत होतं आणि मी ते लपवत नव्हतो. खेळात रडणारा माणूस बघून हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

केव्हातरी मागचे घाव थांबले. मला आधी वाटलं, बालाजी मेला. तो मेला नव्हता. ढाण्याच्या शेजारी येऊन उभा होता. हेडफोनमध्ये खरखर झाली आणि कित्येक दिवसांनी त्याचा आवाज किसनच्या कानात आला.

"डावीकडनं येऊन राहिलेत."

"दिसले," किसन म्हणाला.

आम्ही हरलो. मागच्या भिंतीवरून चढून त्यांनी छपराला आग लावली. वर्षाताई वरून खाली पडल्या, सलीमचे बाण संपले. घर पेटलं तेव्हा ती टोळी हसत निघून गेली, आणि आम्ही जे उठू शकलो ते समोर उभे राहून बघत बसलो. हिरवी भिंत सगळ्यात शेवटी पडली.

"परत बांधावं लागंल," बालाजी म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

किसनने घाम पुसला. "बांध. पर पायऱ्या या बारीला उजव्या अंगाला घे. तू डाव्या अंगाला काढल्यास."

"डाव्या अंगालाच व्हत्या. मी रोज उतरायचो."

"उतरायचास म्हून तुला डाव्या. मी रस्त्यावरनं बघितल्यात. रस्त्यावरनं उजव्या."

बालाजी मनातल्या मनात ते घर फिरवून बघत असावा. "व्हय," तो म्हणाला शेवटी. "मला आतलंच ठाव. तू हितं समोर उभा राहा अन् सांग. मी लावतो."

किसन खुर्चीत सावरून बसला. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला आणि पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला, "सलीम, मला जरा मागं घे. इथून समदं घर दिसंना."